सरळ दांडा, वळणारं मनगट की रोबो? लॅपरोस्कोपीची इन्स्ट्रुमेंट्स निवडताना

लॅपरोस्कोपीचा (छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने करायच्या ऑपरेशनचा) सेट नव्याने घ्यायचा किंवा वाढवायचा म्हटलं की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: टोकाशी वळणारी इन्स्ट्रुमेंट्स घ्यायची का? माझं मत आधीच सांगून टाकतो. पित्ताशय, अपेंडिक्स, अंडाशयाची साधी गाठ एवढंच काम असेल तर नको. आत टाके घालायचे असतील, तेही पोर्ट (इन्स्ट्रुमेंट आत घालायचं पोटाच्या भिंतीतलं छिद्र) मनासारखा ठेवता येत नाही अशा जागी, तर जरूर विचार करा. तेव्हाही आधी फक्त नीडल होल्डर (सुई धरायचं इन्स्ट्रुमेंट) घ्या, अख्खा सेट नको.

मुळात अडतं कुठे? सरळ इन्स्ट्रुमेंटला पोर्टमधून चारच हालचाली मिळतात: आत-बाहेर, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि स्वतःभोवती फिरणं. जबडा उघडतो-मिटतो तो वेगळा. पोटाची भिंत टेकू बनते, त्यामुळे दांडा वल्ह्यासारखा वागतो. हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे. या उलट्या चालीची हाताला काही काळाने सवय होते. पण टोकाचं तोंड कुठल्या दिशेला असेल हे पोर्टने ठरवून टाकलेलं असतं, आणि ते सवयीने बदलत नाही.

पकडणं, ओढणं, कापणं, क्लिप लावणं यात ही अडचण फारशी जाणवत नाही. जाणवते ती टाका घालताना. दांडा टाक्यांच्या रेषेला साधारण समांतर असला की नुसतं मनगट फिरवलं तरी वाकडी सुई आपल्या वळणाने पार होते. दांडा रेषेला आडवा आला की झगडा सुरू. सुई तिरकी धरा, ऊती ओढून फिरवा, डाव्या हाताने प्रयत्न करा. म्हणून दोन्ही हातांची इन्स्ट्रुमेंट्स आत साधारण ६०° कोनात भेटावीत आणि दांडा निम्मा आत, निम्मा बाहेर राहावा, असे पोर्ट ठेवायला शिकवतात. हे जमलं तर सरळ दांड्याने आतड्याची जोडणीही सुबक होते. नाही जमलं तर ५ मिमीचा आणखी एक पोर्ट टाकायचा. सगळ्यात स्वस्त 'सांधा' तोच, आणि महागड्या इन्स्ट्रुमेंटचा डेमो बघताना नेमकं तेच विसरायला होतं.

सरळ सेटच्या बाजूने आणखी बरंच आहे. हाताचा जोर टोकापर्यंत फारसा न गळता पोचतो. ऊती मऊ आहे की घट्ट हे पुसट का होईना, कळतं. ५ मिमीत सगळं मिळतं, काही गोष्टी ३ मिमीतही. हँडल, बाहेरची नळी आणि आतला दांडा असे तीन भाग सुटे करून ब्रशने घासता येतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) टाकता येतात. सीएसएसडीत (हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात) रोज हे काम करणाऱ्यांना विचारा, त्यांचं मत तुमच्या मतापेक्षा ठाम असेल. फक्त इन्सुलेशन नियमित तपासत राहा. नळीच्या आवरणाला बारीक चीर पडली की मोनोपोलर करंट (कापण्या-जाळण्यासाठी टोकाला दिलेली वीज) नजरेबाहेरच्या आतड्याला चटका देऊ शकतो.

आता हातात धरायची वळणारी इन्स्ट्रुमेंट्स. यांतले दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. एकात टोक हव्या त्या कोनात वळवून लॉक करायचं आणि मग काम करायचं. एंडोस्टेपलर (ऊती पिनांनी शिवून कापणारं इन्स्ट्रुमेंट) असाच चालतो, आणि माझ्या मते तिथे हा सांधा सर्वांत जास्त पैसे वसूल करतो. ओटीपोटाच्या तळाशी गुदाशय आडवा कापायचा तर सरळ स्टेपलर नीट बसतच नाही. अर्थात त्यासाठी १२ मिमीचा पोर्ट लागतो.

दुसऱ्यात तुमच्या मनगटाबरोबर टोकही वळतं. कोरियाच्या लिव्समेडचं आर्टिसेन्शियल आणि मिशिगन विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं फ्लेक्सडेक्स ही यांत्रिक उदाहरणं. इस्रायलचं हँडेक्स मोटरवर चालतं. रोबो न घेता रोबोचं मनगट, हा यांचा दावा. तो बऱ्याच अंशी खराही आहे. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या पुढच्या भिंतीवर, म्हणजे छताकडे तोंड करून, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) शिवताना किंवा मूत्राशय आणि मूत्रनलिका जोडताना फरक लगेच दिसतो.

किंमत मात्र फक्त बिलात मोजू नका. हालचाल टोकापर्यंत बारीक तारांनी पोचते. तारेत घर्षण असतं, ताण असतो. त्यामुळे टोक पूर्ण वळलेलं असताना पकड ढिली पडू शकते आणि स्पर्शाचा अंदाज आणखी बोथट होतो. सांधा टोकापासून थोडा मागे असतो, म्हणून वळायला आत मोकळी जागा लागते. अगदी अरुंद खड्ड्यात तो कोपरच भिंतीला टेकतो, म्हणजे जिथे सर्वाधिक गरज तिथेच अडचण. जाडी बऱ्याचदा ८ मिमी असते. मग तुमच्याकडे ५ आणि १० मिमीचे ट्रोकार (पोर्टमध्ये बसवायच्या नळ्या) असतील तर पोर्टचंही गणित बदलतं. १० मिमी आणि त्यापुढच्या छिद्राचा फॅशिया (पोटाच्या भिंतीतला मजबूत थर) शिवायचा हा रूढ नियम आहे, तेव्हा ८ साठी १० किंवा १२ चा ट्रोकार वापरलात तर एक टाका वाढला. तारांच्या खोबणी साफ करणं कठीण असल्याने यातली काही एकदाच वापरून टाकायची असतात, आणि तो खर्च दर केसला लागतो. हातही नव्याने शिकावा लागतो. महिन्यातून एखादीच केस असेल तर ते शिकणं टिकत नाही.

रोबोबद्दल थोडक्यात. दा विंची या रोबोला अमेरिकेच्या एफडीएने २००० साली मान्यता दिली. त्याचं मनगट हातातल्या कुठल्याही इन्स्ट्रुमेंटपेक्षा सहज वळतं, उलटी चाल नाहीशी होते, हाताची थरथर गाळली जाते, त्रिमितीय चित्र दिसतं आणि सर्जन बसून काम करतो. मानदुखीने त्रासलेल्यांना हा शेवटचा मुद्दा कमी वाटणार नाही. बलाची जाणीव देणारी इन्स्ट्रुमेंट्स त्यात २०२४ च्या दा विंची ५ पासून आली, तोवर डोळ्यांनीच अंदाज घ्यावा लागे. इन्स्ट्रुमेंट किती वेळा वापरायचं याला मर्यादा असते आणि मोजणी यंत्रच करतं. तुम्हाला वाटलं म्हणून अजून चार केसेस ओढता येत नाहीत.

एवढं सगळं असून ऑपरेशनचे परिणाम किती बदलतात? गुदाशयाच्या कॅन्सरवरच्या रोलार चाचणीत (२०१७) ४७१ रुग्ण होते. पोट उघडावं लागण्याचं प्रमाण साध्या लॅपरोस्कोपीत १२.२ टक्के, रोबोत ८.१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. रोबो निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. सराईत सर्जनच्या हातात साधी लॅपरोस्कोपी किती पुढे गेलेली आहे, हे मात्र त्यातून दिसतं.

बेंबीतल्या एकाच पोर्टमधून सगळं करायचं असेल तर मात्र चर्चा उलटी होते. तिथे सरळ दांडे एकमेकांवर आपटतात, म्हणून वाकवलेलं किंवा वळणारं इन्स्ट्रुमेंट लागतंच. पण ते घेण्याआधी, एकच पोर्ट हवा कशाला, हे ठरवा. पित्ताशयाच्या २०१३ मधल्या एका तुलनात्मक चाचणीत वर्षभरात जखमेतून हर्निया होण्याचं प्रमाण एका छेदाच्या गटात ८.४ टक्के आणि चार पोर्टच्या गटात १.२ टक्के होतं. व्रण लपवण्यासाठी हा सौदा मला पटत नाही.

डेमोला कंपनीचा माणूस येईल तेव्हा रबरी पॅडवर त्याच्या सोयीच्या कोनात टाका घालून दाखवेल. तुम्ही ट्रेनर बॉक्समध्ये पॅड दांड्याला आडवा ठेवा, टोक पूर्ण वळवायला सांगा आणि त्या स्थितीत जाड सुई फिरते की जबड्यात घसरते ते पाहा. गाठ आवळताना ताण धरतं का तेही बघा. नवंकोरं नको, वापरलेलं मागा. पुन्हा वापरायचं म्हणत असतील तर सुटं करून धुवून दाखवायला सांगा, आणि त्या वेळी सीएसएसडीच्या सिस्टरना बोलवा. किती वेळा वापरता येईल हा आकडा लेखी घ्या. आणि तोच टाका त्याच पॅडवर, आणखी एक पोर्ट टाकून, तुमच्या जुन्या सरळ नीडल होल्डरने घालून बघा.