डेब्सचा समाजवाद आणि सँडर्सचा

समाजवादी कामगार नेता यूजीन डेब्स 1912 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि त्याला जवळपास 6 टक्के मतं पडली. त्याची मागणी सरळ होती: रेल्वे, खाणी, मोठे कारखाने जनतेच्या मालकीचे करा. युद्धविरोधी भाषणापायी तुरुंगात गेला, तरी 1920 मध्ये अटलांटाच्या कोठडीतून लढून नऊ लाखांवर मतं मिळवली.

स्वतःला समाजवादी म्हणवणारे आजचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या कार्यालयात याच डेब्सचं स्मृतिचिन्ह आहे. मागण्या मात्र बऱ्याच मवाळ. सर्वांना सरकारी आरोग्यविमा, सरकारी कॉलेजात फी माफ, आणि पैसा श्रीमंतांवरच्या करातून. उत्पादनाची साधनं सरकारने ताब्यात घ्यावीत असं आपलं म्हणणं नाही, हे त्यांनी 2015 मध्येच स्पष्ट केलं. खरं तर ही डेन्मार्कच्या वळणाची सामाजिक लोकशाही, म्हणजे बाजार तसाच ठेवून करांतून सर्वांना सेवा देणारी. पण डेन्मार्कच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनीच सांगून टाकलं, आमचा समाजवाद नाही, बाजारव्यवस्था आहे बाबांनो!

लोकांना पटतोय तो सँडर्सचा मार्ग. तोही सगळ्यांना नाही: गॅलप या जनमत संस्थेच्या 2025 च्या पाहणीत डेमोक्रॅट मतदारांपैकी 66 टक्क्यांना समाजवाद बरा वाटला, एकूण अमेरिकनांत मात्र 39 टक्क्यांनाच. रेल्वे जनतेच्या मालकीची करा म्हणणारा आज तिथे शोधावा लागेल.