रीड हार्डर चॅलेंज वर्षभर केलं, मनापासून आवडलं

आधी मी दरवर्षी ५० पुस्तकांचं टार्गेट ठेवायचे आणि डिसेंबर आला की आकडा गाठायला पातळ पातळ पुस्तकं उरकायचे, डोक्यात काहीच राहायचं नाही. मागच्या वर्षी 'बुक रायट' या पुस्तकांवरच्या इंग्रजी वेबसाइटचं रीड हार्डर चॅलेंज घेतलं. २०१५ पासून चालू आहे, वर्षाला २४ टास्क म्हणजे महिन्याला दोन, दमछाक होत नाही. आणि इथे किती वाचलं यापेक्षा काय वाचलं ते महत्त्वाचं, कधी अनुवादित पुस्तक, कधी कविता, कधी कॉमिक्स, असं कायकाय असतं.

मी रहस्यकथा सोडून कुठे गेलेच नव्हते हो! कवितेला तर हातच लावायचे नाही, आणि आता रोज झोपायच्या आधी दोन कविता मोठ्याने वाचते, खरंच सांगते, एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. अनुवादित पुस्तकांचं तर वेडच लागलंय, आता आधी अनुवादकाचं नाव बघते मग पुस्तक उचलते.

एकच पुस्तक दोन टास्कना धरलं तरी चालतं, हे फार बरंय. माझे १८ झाले, सहा राहिले, ते या वर्षी सावकाश करतेय.