बॉस्वेल सिस्टर्सच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका: काही महिने ऐकल्यानंतर, मुख्यतः पियानोबद्दल

पावसाळ्याच्या तोंडावर बॉस्वेल सिस्टर्सच्या, म्हणजे जॅझ गाणाऱ्या तीन अमेरिकन बहिणींच्या, १९२५ आणि १९३० सालच्या ध्वनिमुद्रिका उतरवून घेतल्या. तेव्हापासून त्या माझ्या कानांवर आहेत. कधी लक्ष देऊन, कधी भाजी निवडताना. अशा जुन्या मालाबद्दल लोक आठवडाभरात लिहून मोकळे होतात. तिघींचे गोड आवाज, जुन्या काळाची मजा, खरखर जरा जास्त, चार तारे. पहिल्या आठवड्यात ऐकू येतं ते एवढंच. गळ्यांची नवलाई ओसरली की मग कुठे मागचा पियानो ऐकू यायला लागतो. मला विचाराल तर या मुद्रिका पुन्हा पुन्हा लावाव्याशा वाटतात त्या त्याच्यामुळे.

पियानो वाजवते मार्था, तिघींतली थोरली. ती स्वतः गातेही, आणि नेमकी तिथेच तिची पंचाईत झाली. गायिका म्हणून सगळे कान मधल्या कॉनीकडे वळतात, कारण मुख्य आवाज तिचा. वादक म्हणून कोणी मार्थाचं नाव काढत नाही, कारण ती 'गाणाऱ्या बहिणींपैकी एक'. जॅझ पियानोवरच्या लेखांत ती सापडत नाही आणि बॉस्वेल भगिनींवरच्या लेखांत एका वाक्यात आटोपते.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती वाजवण्यात ऐकू येते. मार्था १९०५ ची, कॉनी १९०७ ची, वेट म्हणजे हेल्वेशिया १९११ ची. वडील फ्लाइशमन या यीस्ट कंपनीत. १९१४ च्या सुमारास बिऱ्हाड न्यू ऑर्लिन्सला आलं आणि कॅम्प स्ट्रीटवरच्या घरात तिघी वाढल्या. शिक्षण रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं: मार्था पियानोवर, कॉनी चेलोवर, वेट व्हायोलिनवर. शहरात मात्र वारा वेगळाच वाहत होता. एमेट हार्डी हा तरुण कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य) त्यांच्या घरी येऊन त्यांच्याबरोबर वाजवायचा; तो १९२५ मध्ये क्षयाने गेला, ऐन बाविशीत. कृष्णवर्णीयांच्या लिरिक थिएटरमध्ये गोऱ्या प्रेक्षकांसाठी रात्री उशिरा वेगळा खेळ व्हायचा, तिथे कॉनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेला ऐकलं. या मुलींचं जॅझ कोणाकडून आलं हे यावरून कळावं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याशेजारी बसून ऐकण्याचीही त्या शहरात सोय नव्हती, हेही लक्षात असू द्या. पुढे रेडिओवर ऐकून अनेकांना या बहिणी कृष्णवर्णीयच वाटायच्या.

आता प्रत्यक्ष मुद्रिकांकडे. १९२५ च्या मार्चमध्ये व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीची माणसं आपली यंत्रसामग्री घेऊन न्यू ऑर्लिन्सला आली होती, तेव्हाची ही पहिली तबकडी. मार्था १९ वर्षांची, वेट अवघी १३. एका बाजूला 'नाइट्स व्हेन आय अॅम लोनली', दुसऱ्या बाजूला 'आय अॅम गॉना क्राय'. साथीला फक्त मार्थाचा पियानो. खरं सांगायचं तर ही तबकडी मी आता क्वचितच लावते. सतरा वर्षांची कॉनी ब्लूज गायिकांसारखा जाड आवाज काढून जोर लावते, त्याचं कौतुक दोनतीनदा ऐकेपर्यंतच टिकतं. पियानो मागे दबलेला आहे, पण गाणं सांभाळतो. पुढचं ऐकण्याआधी एकदा ऐकून ठेवा, म्हणजे पाच वर्षांत ही मुलगी कुठून कुठे गेली ते समजेल. बस.

१९३० च्या मुद्रिका ही वेगळीच गोष्ट. १९२८ मध्ये तिघी घर सोडून रंगमंचावरच्या करमणुकीच्या दौऱ्यांवर निघाल्या, शिकागो करत करत लॉस एंजेलिसला पोचल्या आणि तिथे रेडिओवर गायला लागल्या. तोवर ध्वनिमुद्रण विजेवर आलं होतं, मायक्रोफोन आला होता, त्यामुळे हळू आवाजात, जवळून गाता येत होतं. त्या ऑक्टोबरात 'ओके' नावाच्या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्यांनी चार गाणी केली. 'हीबी जीबीज', 'माय फ्यूचर जस्ट पास्ड' आणि आणखी दोन. ढोल नाही, बास नाही, पितळी वाद्यं नाहीत. तीन गळे आणि एक पियानो.

मार्थाची मातब्बरी कळते ती इथे. बॉस्वेल भगिनींची खासियत अशी की त्या गाणं सरळ गातच नाहीत. जेमतेम तीन मिनिटांच्या गाण्यात लय दोनतीनदा बदलते, मध्येच सगळं संथ होतं, मग अचानक दुप्पट. चाल मोडून नवी केली जाते, शब्दांच्या जागी अर्थहीन अक्षरं येतात, एखादी ओळ वाद्यासारखी गायली जाते. हे सगळं संचालकाशिवाय. खूण द्यायला हातात काठी घेऊन कोणी उभा नाही. मग तिघी एकत्र वळतात कशा? पियानोमुळे. वळण यायच्या आधी एकदोन ठोक्यांवर मार्थाचा डावा हात काहीतरी करतो: चालती लय थांबवतो, किंवा खालचे स्वर पायऱ्यांसारखे उतरवत नेतो, आणि पुढच्याच क्षणी तिघी नव्या लयीत उभ्या असतात. सुरुवातीला वाटतं, वा, काय एकजीव गातात! चारपाच वेळा ऐकल्यावर कळतं की दार आधी कोणीतरी उघडून ठेवलं होतं.

तिच्या डाव्या हाताची पद्धत तेव्हाच्या पियानोवादकांत रुळलेली होती. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला खाली खर्जातला स्वर, दुसऱ्या आणि चौथ्याला वर मध्यात स्वरपुंज. हात सारखा खाली-वर उड्या मारत राहतो आणि बास व ढोल दोघांचंही काम तो एकटा उरकतो. हे एकट्याने वाजवणारे तेव्हा पुष्कळ होते आणि बोटांच्या चपळाईत मार्थापेक्षा कितीतरी सरस होते, यात वाद नाही. पण त्यांना त्याच वेळी तीन स्वरांच्या मेळातला एक स्वर धरून गायचं नव्हतं, तेही बहिणींच्या श्वासाशी श्वास जुळवून. मार्थाचा गळा एका लयीत आणि हात दुसऱ्या लयीत असे प्रसंग इथे येतात. हातांचं ओझं गळ्यावर आल्याचं मला तरी कुठे ऐकू आलं नाही.

आपल्याकडचा कान असला तर हे पटकन उलगडतं. बुवांच्या मागे पेटीवर बसलेला चांगला साथीदार काय करतो? गायक जिथे जाईल तिथे अर्धा श्वास मागून जातो, मोकळी जागा दिसली की भरतो, आणि गायक परतला की बाजूला होतो. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला गोविंदराव टेंबे बसत, ते नातं असं ऐकत ऐकत जाण्याचं. मार्था मोकळ्या जागा तशाच भरते, ओळ संपली की उजव्या हाताने दोनचार स्वर टाकून पुढची ओळ बोलावून घेते. फरक एवढाच की ती मागून जात नाही. गाणं बांधण्यात ती स्वतः होती, कुठे वळायचं हे तिला आधीच ठाऊक, म्हणून ती अर्धा श्वास पुढे असते. साथ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो, पण दुसरा सुचत नाही.

'हीबी जीबीज' बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते मी सर्वांत जास्त ऐकलं. हे गाणं १९२६ मध्ये लुई आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय जॅझ वादक-गायकाने अजरामर करून ठेवलं होतं. तीन गोऱ्या मुलींनी चार वर्षांनी त्याला हात घालणं म्हणजे धाडसच. बॉस्वेलांनी ते दोनदा मुद्रित केलं. एकदा १९३० मध्ये नुसत्या पियानोवर, आणि पुन्हा १९३१ मध्ये न्यूयॉर्कला ब्रन्सविक कंपनीसाठी, वाद्यवृंदासह. दोन्ही एकामागून एक लावून ऐका. दुसरी आवृत्ती जास्त चकचकीत आहे, सफाईदार आहे, प्रसिद्धही तीच. त्या काळात त्यांच्यामागे टॉमी आणि जिमी हे डॉर्सी बंधू, बनी बेरिगन, एडी लँग, जो व्हेनुटी असे खंदे वादक असत आणि पियानोवर काही वेळा आर्थर शटसारखा मुरलेला स्टुडिओवादक. पण या दुसऱ्या आवृत्तीत वळणं आता लिहून ठेवलेली वाटतात. पहिल्या आवृत्तीत वळण येताना पोटात किंचित गोळा येतो, पडणार का आता या? पडत नाहीत. मला पहिली जास्त आवडते. माझ्या घरात हे मत एकट्या माझंच आहे.

ब्रन्सविकची गाणी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. त्यातली काही मुद्रणं अमेरिकन गायनाच्या पहिल्या रांगेतली आहेत. पुढची थोर जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डने कॉनीसारखं गायचा प्रयत्न केल्याचं स्वतःच सांगितलं होतं आणि अँड्र्यूज सिस्टर्स या नंतरच्या बहिणींच्या त्रिकुटाने सुरुवातीला यांचंच अनुकरण केलं. मुद्दा इतकाच की त्या गाण्यांच्या वाटेने आलेल्याला मार्थाचा पियानो असा एकटा, उघडा भेटत नाही, आणि बहुतेक सगळे त्याच वाटेने येतात. मग १९३६ मध्ये तिघींची लग्नं झालेली, गट मोडला, कॉनी एकटी गात राहिली आणि मोठी झाली. मार्था गाण्याबाहेर गेली, १९५८ मध्ये वारली. जुन्या तबकड्यांचं पुनरुज्जीवन होऊन कोणी तिला प्रश्न विचारायला जाईल, तोवर ती नव्हती.

अजून एक निरीक्षण, पटलं तर घ्या. कॉनीला लहानपणापासून चालता येत नव्हतं, ती बसूनच गायची. जुन्या छायाचित्रांत मार्था पियानोशी आणि दोघी तिला खेटून, असं दृश्य वारंवार दिसतं. पियानोभोवती बसून गाणाऱ्या बहिणी म्हटल्यावर 'ही उभी का नाही' हा प्रश्नच प्रेक्षकाच्या मनात येत नसावा. त्या पियानोने त्यांना लय दिली, तशी बसायला सबबही दिली.

आता वापराच्या सूचना, कारण यात माझा बराच वेळ गेला.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे स्वर उमटतच नाहीत, म्हणजे मार्थाचा डावा हात गायब, आणि मग मी वर लिहिलेलं सगळं तुम्हाला थाप वाटेल. साधे वायरवाले हेडफोन पुरतात, महागडे लागत नाहीत.

एकाच मुद्रिकेच्या अनेक प्रती फिरत असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरखर पूर्ण काढून 'स्वच्छ' केलेल्या प्रतींत पियानोची वरची धार खरखरीबरोबरच गेलेली असते, उरतो तो रजईखालून आल्यासारखा आवाज. कृत्रिम घुमारा घातलेल्या प्रती त्याहून वाईट. थोडी खरखर ठेवलेली प्रत निवडा, दोन दिवसांत कान ती विसरतो. काही प्रती चुकीच्या वेगाने उतरवलेल्या असतात, त्यामुळे पट्टी चढते आणि तिघी बालवाडीतल्या वाटतात. दोन प्रती शेजारी ठेवून तपासा.

त्रुटी सांगायच्या तर, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त मला ऐकवत नाही. गाण्यांतले शब्द पुष्कळदा सपक आहेत, 'माझं भविष्य आत्ताच शेजारून गेलं' छापाचे. त्या काळच्या रेडिओ श्रोत्यांची तक्रार होती की या बहिणी मूळ चाल ओळखू येऊ देत नाहीत. मला उलट वाटतं, काही गाण्यांत अजून मोडतोड चालली असती. आणि डिजिटल संचांच्या माहितीत वादकांची नावं बहुधा नसतात. गायिकांच्या नावाखाली सगळं जातं आणि पियानोवर कोण होतं ते स्वतः शोधावं लागतं.

कोणी घ्यावं? पियानो शिकणाऱ्याने, गाणाऱ्याला साथ करणाऱ्या कोणीही, मग वाद्य कोणतंही असो. नुसती पार्श्वभूमीला गोड गाणी हवी असतील त्यांनी १९३१ नंतरचीच घ्यावीत, ती जास्त रुचतील. सुरुवात 'माय फ्यूचर जस्ट पास्ड' पासून करा, ते संथ आहे, हात सहज ऐकू येतात. पहिल्या वेळी शब्दांकडे लक्ष द्या आणि ते संपवून टाका. दुसऱ्या वेळी फक्त डावा हात. 'हीबी जीबीज' त्यानंतर.