आधी हकिगत, मग पावती

पुरुषांच्या मन मोकळं करण्याच्या बैठकीत फसवणूक कधी सुरू झाली असं विचारलं, तर बहुतेक जण पैसे भरले तो दिवस सांगतात. खरं म्हणजे ती नोंदणीच्या फॉर्मवरच सुरू झालेली असते. पहिली बैठक मोफत, पण फॉर्म लांबलचक. आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग कोणता, तो आजवर कोणाला सांगितला आहे, इथपर्यंत ठीक. मग हळूच दोन प्रश्न येतात: सध्या उत्पन्नाचं साधन काय, आणि मोठा निर्णय घेताना घरात कोणाला विचारता? पहिल्या दोन उत्तरांचा तुमच्या दुःखाशी संबंध आहे. पुढच्या दोन उत्तरांवरून तुमचा खिसा किती खोल आहे आणि तुम्हाला आवरणारं माणूस कोण आहे, ते कळतं. असा फॉर्म दिसला की तो विक्रीचा आहे हे तिथेच ओळखावं.

यात सापडणारा माणूस भोळा असतो, हाही गैरसमज. नोकरी गेलेला, घटस्फोट झालेला, कर्जात रुतलेला, मुलांपासून तुटलेला, असा कोणीही. व्यवहारात मुरलेला, दोन पैशांसाठी घासाघीस करणारासुद्धा इथे अलगद जातो. एरवी तो गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हा सावध असतो. इथे तो ओझं उतरवायला आलेला असतो. सगळ्यांचं करता करता 'तुझं काय चाललंय रे' असं त्याला वर्षानुवर्षं कोणी विचारलेलं नसतं. कोणीतरी सलग दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐकून घेतं, तेव्हा वाटणारी कृतज्ञता अगदी खरी असते. विक्री त्या कृतज्ञतेवरच होते.

बैठकीची आखणी साधारण ठरलेली. दीड ते तीन तास, मध्ये सुट्टी नाही किंवा नावापुरती. सुरुवातीला प्रमुखाची स्वतःची कहाणी: आधी गाळात, मग एक वळण, मग उभारी. या कहाणीत भावना भरपूर आणि तपशील पुसट असतात. कोणत्या साली धंदा बुडाला, कोणत्या कामातून पुन्हा पैसा आला, हे विचारलं की उत्तर 'तो प्रवासच वेगळा होता' अशा वळणाने जातं. त्यानंतर दोन-तीन 'जुने सदस्य' बोलतात. ही पेरलेली माणसं ओळखायची एक खूण आहे. सगळ्यांच्या गोष्टी जवळजवळ सारख्याच लांबीच्या असतात आणि प्रत्येक गोष्ट प्रमुखाच्या नावावर येऊन थांबते. खऱ्या माणसाची हकिगत अशी नसते. ती भरकटते, मध्येच एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर अडते, आणि पुष्कळदा तिला शेवटच नसतो. भावाशी अजून बोलणं नाही, कर्ज अजून फिटलेलं नाही, झोप अजून लागत नाही. दहापैकी दहा जणांचं आयुष्य मार्गी लागलेलं असेल, तर तुम्ही प्रेक्षागृहात बसला आहात.

मग जोड्या पाडतात. समोरासमोर खुर्च्या, सोप्या प्रश्नाने सुरुवात, दर फेरीला प्रश्न अधिक खासगी. यामागचं शास्त्र खरं आहे, आणि म्हणूनच ते चालतं. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना 36 प्रश्न दिले होते, तीन टप्प्यांत, उत्तरोत्तर खोल जाणारे. सुमारे 45 मिनिटांत त्या जोड्यांना एकमेकांबद्दल वाटणारी जवळीक गप्पाटप्पा करणाऱ्या जोड्यांपेक्षा जास्त भरली. प्रयोगात त्यानंतर कोणी पावतीपुस्तक काढलं नव्हतं, इतकाच फरक. पाऊण तासात निर्माण झालेली जवळीक खोटी नसते. पण समोरचा माणूस विश्वासाचा आहे, याचा तो पुरावाही नसतो. या दोन गोष्टींची गल्लत व्हावी म्हणूनच तर ही बैठक मांडलेली असते.

पुढचा भाग नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. डोळे अजून ओले असतानाच 'पुढच्या टप्प्या'ची फी सांगितली जाते आणि आज भरली तरच सवलत असते. तुम्ही म्हणता, विचार करून सांगतो, घरी बोलतो. उत्तर तयार असतं: "सर, बघा, आत्ता पुन्हा तेच होतंय. तुम्हीच म्हणालात ना, तेव्हा निर्णय लांबवला म्हणून सगळं हातचं गेलं?" तासाभरापूर्वी तुम्ही जड मनाने सांगितलेली चूक आता तुमच्याच गळ्यात अडकवली जाते. पैसे न भरणं म्हणजे पुन्हा तोच जुना, हरलेला माणूस होणं, अशी मांडणी झाली की भलेभले सही करतात. बायकोला विचारतो म्हटलं तर 'हेच ते परावलंबन', पैसे नाहीत म्हटलं तर 'हीच ती कमतरतेची मानसिकता'. प्रत्येक नकाराला तुमच्याच हकिगतीतून उत्तर निघतं, कारण फॉर्म तुम्हीच भरला होता.

यावर एक वाक्य पाठ करून जावं: "मी सांगितलेलं फीच्या बोलण्यात आणू नका." प्रामाणिक गटातला माणूस हे ऐकून ओशाळतो आणि विषय थांबवतो. दुसरा तुमच्या 'अडथळ्यां'वर आणखी दहा मिनिटं बोलतो. आणि बैठक संपल्यापासून तीन दिवस कुठेही पैसे भरायचे नाहीत, हे घरून निघतानाच ठरवून निघावं. जमल्यास कार्ड घरी ठेवून. तीन दिवसांनी जागा शिल्लक राहत नसेल तर ती जागा नको.

एकदा पैसे भरले की शिडी सुरू होते. पहिला टप्पा स्वस्त, दुसरा त्याच्या कितीतरी पट महाग, तिसऱ्यात निवासी शिबिर, आणि सर्वांत वर 'आता तुम्हीच मार्गदर्शक व्हा'. मार्गदर्शक होण्याची अट बहुधा माणसं आणण्याची असते. इथे आपल्या दुःखी मित्राला आणणारा माणूस वाईट नसतो. त्याला खरंच वाटतं की आपण त्याचं भलं करतो आहोत. पण मैत्री तुटते ती इथेच, आणि परत न मिळालेल्या फीपेक्षा हे नुकसान मोठं. फी परत मिळण्याची अट कागदावर शोधून वाचा. 'सर्व सत्रं पूर्ण करूनही फरक न पडल्यास' असं लिहिलं असेल, तर एक सत्र चुकलं की पैसे बुडाले.

रेकॉर्डिंगचा कागद वेगळा आणि जास्त घातक. हजेरीच्या सहीबरोबर तो पुढे सरकवला जातो. 'सर्व माध्यमांत', 'कायमस्वरूपी', 'विनामोबदला', 'संपादनाच्या अधिकारासह' हे चार शब्दप्रयोग त्यात शोधा. चारही असतील तर तुमचं रडणं त्यांच्या जाहिरातीत कधीही, कितीही कापून वापरता येईल. दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीआधी कोणीतरी तुमचं नाव शोधतं आणि पहिल्यांदा तोच व्हिडिओ समोर येतो, असंही होऊ शकतं. छापील कागद बदलता येत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नको त्या ओळीवर रेघ मारून शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घाला, 'फक्त आवाज, चेहरा व नाव न दाखवता, एक वर्षासाठी' असं हाताने लिहा, आणि फोटो काढून ठेवा. हे मान्य नसेल तर सही नाही. शिवाय तुमच्या गोष्टीत बायको, भाऊ, जुना साहेब ही माणसंही असतात. त्यांनी कुठेच सही केलेली नसते. त्यांच्यावर केलेला आरोप जाहीर झाला, तर बदनामीच्या दाव्याला उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

ऐकणारा प्रामाणिक असला तरी साठवणारा निष्काळजी असू शकतो. फिनलंडमध्ये एका खासगी मानसोपचार संस्थेची माहिती चोरीला गेली आणि 2020 मध्ये चोराने हजारो रुग्णांना थेट ईमेल पाठवून खंडणी मागितली. नाहीतर उपचारांच्या वेळच्या नोंदी उघड करीन, अशी धमकी. ती तर रीतसर संस्था होती. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली ध्वनिफीत तर कोणाच्याही ताब्यात नसते. म्हणून लेखी किंवा रेकॉर्ड होणाऱ्या जागी खरं नाव, नेमकी तारीख आणि संस्थेचं नाव या तीन गोष्टी एकत्र देऊ नयेत. 'काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात' एवढ्यावर मन मोकळं व्हायला काही अडत नाही.

एकास-एक ओळखीतली फसवणूक हळू चालते. तुम्ही कुठेतरी आपली हकिगत लिहिता; आठवड्यात कोणीतरी लिहितं, वाचून डोळे भरून आले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या व्यक्तीचं दुःखही थेट तुमच्यासारखंच निघतं. योगायोग नसतो, तुमच्या जुन्या पोस्ट वाचलेल्या असतात. चार-सहा आठवडे पैशाचा विषयच नाही. मग त्या व्यक्तीच्या उभारीच्या कहाणीत एक गुंतवणुकीचं ॲप येतं: यामुळेच मी सावरलो. आधी थोडे पैसे टाकायला लावतात, नफ्यासकट परत काढूही देतात, आणि मोठी रक्कम गेली की पैसे काढण्यासाठी 'कर' मागतात. चिनी टोळ्या याला 'डुक्कर पोसून कापणं' म्हणत, आणि तेच नाव जगभर चाललं. इंटरपोलने डिसेंबर 2024 मध्ये ते नाव टाकून द्या असं सुचवलं, कारण स्वतःला डुक्कर म्हणवून घ्यावं लागेल या लाजेने माणसं तक्रारच करत नाहीत. बरोबर केलं. पडताळणीचा साधा उपाय: आपल्या हकिगतीतला एक ठळक तपशील कुठेच लिहू नये. समोरच्याची कथा लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीत जुळते आणि न लिहिलेल्या गोष्टीत कधीच नाही, असं दिसलं तर समजून जावं.

फसलेला माणूस आपली फसवणूक जाहीर सांगतो तेव्हा दुसरी टोळी येते. 'बुडालेले पैसे परत मिळवून देतो', फक्त आधी फाईलचा खर्च. रक्कम, ॲपचं नाव, तारीख हे सगळं तुम्हीच लिहिलेलं असल्यामुळे फोनवर तो अधिकारीच वाटतो. इतरांना सावध करायचं असेल तर पद्धत सविस्तर लिहा. रक्कम, बँक आणि तारीख फक्त पोलिसांना द्या.

गोष्ट सांगून ऑनलाइन मागितल्या जाणाऱ्या मदतनिधीबद्दल थोडक्यात. 2017 मध्ये अमेरिकेत एका बेघर माजी सैनिकाने गाडीतलं इंधन संपलेल्या तरुणीला आपले शेवटचे 20 डॉलर दिले, अशी गोष्ट पसरली. सुमारे 14,000 लोकांनी 4 लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली. वर्षभरात निघालं की गोष्ट रचलेली होती आणि तो सैनिकही त्यात सामील होता. गोष्ट किती हृदयस्पर्शी आहे यावर पैसे देऊ नयेत. पैसे कोणाच्या खात्यात जातात ते बघावं, आणि शक्य तिथे बिल थेट रुग्णालयात किंवा शाळेत भरावं.

चांगले गट आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला हवंच. दारू सोडू पाहणाऱ्यांचा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा गट 1935 पासून चालू आहे. सदस्यत्वाला फी नाही, खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून, आणि नावं गुप्त. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'मेन्स शेड'मध्ये माणसं सुतारकाम, दुरुस्ती करता करता बोलतात. समोरासमोर जमत नाही ते खांद्याला खांदा लावून जमतं, हे त्यांचं गृहीतक मला पटतं. खऱ्या गटात 'आज मी नुसता ऐकतो' म्हणायची मुभा असते. फी असलीच तर आधी सांगितलेली आणि सगळ्यांना सारखी असते. पहिल्याच दिवशी सगळं ओकून टाकायला तिथे कोणी लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतही आघात झालेल्याला घडलेलं सांगायची सक्ती करू नका, असंच म्हटलं आहे. 'जितकं जास्त रडाल तितकं लवकर बरे व्हाल' असं सांगणारा एक तर अज्ञानी असतो किंवा घाईत.

पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला फोन, मग सायबर पोलिसांकडे तक्रार. पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. कार्डाने भरले असतील तर व्यवहाराला रीतसर हरकत घेता येते, खात्यातून थेट पाठवलेले थांबवणं अवघड. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि तारीख दिसेल असे. चॅट पुसू नका, लाज वाटली तरी. खंडणी मागत असतील तर एक पैसाही देऊ नका. पहिला हप्ता दिला की दुसरा मागणार. घरातल्या एकाला त्याच दिवशी सांगा, म्हणजे धमकीचं अर्धं बळ गेलं. बँकेच्या फोनवर आपण कसे अडकलो ते सांगत बसावं लागेल, या धास्तीने अनेक जण दोन-दोन दिवस घालवतात. पलीकडचा माणूस तसं काही विचारत नाही. त्याला हवी असते तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक.