ड्यूबॉइसची रानमेंढ्यांची सफर : जायचंच तर थंडीत जा

जॅक्सनला स्कीइंगला निघालेली आपली मंडळी ड्यूबॉइसला पेट्रोल भरतात, कॉफी घेतात आणि पुढे सुटतात. वायोमिंगमधलं जेमतेम हजार वस्तीचं गाव, मुख्य रस्त्यावर फळ्यांचे फुटपाथ, थांबावं असं वरवर काही दिसत नाही. पण थांबा. तिथे नॅशनल बिगहॉर्न शीप सेंटर आहे. आत छोटं संग्रहालय आहेच, पण खरी मजा त्यांच्या हिवाळी सफरीत. नोव्हेंबर ते मार्च त्यांचा वाटाड्या तुम्हाला व्हिस्की बेसिनमध्ये नेतो आणि रानमेंढ्या दाखवतो. आधी बुकिंग लागतं.

माझा कल आधीच सांगून टाकते. मी फलटणकडच्या धनगराची मुलगी. आबांची मेंढरं अजून आहेत, दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं-माणसं-बिऱ्हाड सगळं, कोकणात उतरतो. त्यामुळे ‘पाळीव मेंढरांमुळे रानमेंढ्या मरतात’ असं तिथे सांगतात, ते ऐकायला मी जरा कान टवकारूनच गेले होते. आपल्या धंद्याला शिव्या ऐकायला कोणाला आवडतं?

संग्रहालयाला तासभर पुरतो. पेंढा भरलेली जनावरं कड्यावर उभी केली आहेत, मुलं तिथून हलत नाहीत. मोठ्या मेंढ्याची शिंगंच 14 किलोपर्यंत भरतात. एवढं वजन डोक्यावर घेऊन हे गडी टक्कर घेतात. याच डोंगरात राहणारे शोशोनी लोक, त्यांच्यातले टुकुडिका म्हणजे रानमेंढीवर जगणारे, ते या शिंगाचे तुकडे तापवून, सरळ करून, वर स्नायूंचे धागे चिकटवून धनुष्य बनवायचे. शिंगाचं धनुष्य! आमच्याकडे शिंगांचा असा उपयोग कोणाला सुचला नाही.

आता सफर. गावाच्या पूर्वेला ट्रेल लेकचा कच्चा रस्ता विंड रिव्हर डोंगरांकडे आत शिरतो. तळी, मोठमोठे धोंडे, त्यांतल्या काहींवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या विचित्र आकृत्या. आणि वारा. तो वारा शिव्या घालण्यासारखा आहे, पण त्याच्याच जिवावर हे सगळं चालतं: उतारावर बर्फ टिकत नाही, गवत उघडं राहतं, म्हणून वरच्या डोंगरांतल्या मेंढ्या थंडीत इथे उतरतात. तिपाईवरची दुर्बीण वाटाड्याच लावून देतो. आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो, माजाचे दिवस. एक मेंढा मादीच्या मागे मागे, मान खाली घालून, मध्येच वरचा ओठ मुडपून वास घेत उभा. आमच्या वाड्यातला मेंढा हेच करतो, अगदी हेच. मी तिथल्या तिथे आबांना व्हिडिओ कॉल लावला, पण रेंज नव्हती.

मग दुर्बिणीत एक मादी खोकली. मान लांब करून, दोनदा, पुन्हा दोनदा. बाकीच्यांना काही वाटलं नाही, त्यांचे कॅमेरे मेंढ्यावर. मेंढरात वाढलेल्या माणसाचं लक्ष मात्र आधी खोकल्याकडेच जातं. मी वाटाड्याला विचारलं आणि पुढचा पाऊण तास तो माझ्याशीच बोलत होता. पैसे तिथेच वसूल झाले.

गोष्ट अशी. मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी नावाचा जीवाणू पाळीव मेंढ्या-शेळ्यांच्या नाकात असतो. त्यांना सहसा फार त्रास होत नाही; मेंढपाळाला पत्ताही नसतो. रानमेंढ्यांची त्याच्याशी जुनी ओळख नाही, तो युरोपातून आणलेल्या जनावरांबरोबर आला. नाकाला नाक लागलं की पुरे. माजावर आलेला तरुण मेंढा कित्येक किलोमीटर भटकतो, कुरणात चरणारी पाळीव खांड दिसली की तिच्यात घुसतो आणि परत येताना रोग घेऊन येतो. मग न्यूमोनियाची साथ, लहानमोठी सगळी जनावरं. त्याहून वाईट पुढचं: वाचलेल्या माद्यांपैकी काहींच्या नाकात जीवाणू मुक्कामाला राहतो आणि पुढची कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात कोकरं दोन-तीन महिन्यांची होता होता जातात. व्हिस्की माउंटनच्या, म्हणजे आम्ही पाहत होतो त्याच कळपात 1990-91 च्या थंडीत साथ आली, त्यानंतर तिथे कोकरांची वाढ धड झालेलीच नाही. आणि हाच तो कळप, ज्यातून 1949 ते 1995 या काळात सुमारे 1,900 जनावरं पकडून ओसाड पडलेल्या डोंगरांत नेऊन सोडली होती.

मी आबांच्या वतीनं विचारलं, औषध का पाजत नाही? डोंगरातल्या जनावराला कोण पाजणार! लस आजवर कामी आलेली नाही. जमतं ते एवढंच की जनावरं पकडून तपासायची, जी मादी सतत जीवाणू सोडते ती कळपातून काढायची. आयडाहो-ओरेगनच्या सीमेवरच्या हेल्स कॅन्यन दरीतल्या कळपांत हे केल्यावर कोकरं जगू लागली. जिकिरीचं काम आहे.

दुसरा उपाय म्हणजे दोघांना लांब ठेवणं, आणि भांडण तिथेच आहे. इथली बरीच कुरणं सरकारी, मेंढपाळ परवान्यावर चारतो. 2019 ते 2025 चराईचा दर होता पाच मेंढ्यांमागे महिन्याला 1.35 डॉलर. आबांना सांगितलं तर ते गाठोडं बांधून इकडे येतील. आयडाहोतल्या पेएट राष्ट्रीय वनात 2010 साली वनखात्यानं मेंढरांचं चराईक्षेत्र सुमारे 70 टक्क्यांनी कमी केलं. मेंढपाळ कोर्टात गेले, 2016 मध्ये अपिलातही हरले. काही ठिकाणी वन्यजीव संस्था पैसे देऊन मेंढपाळाला परवाना सोडायला राजी करतात. वायोमिंगनं स्वतःची वाटणी केली: कुठे रानमेंढीला पहिला मान, कुठे पाळीव मेंढराला, 2015 मध्ये ते कायद्यातच घातलं.

आमच्या गटातले एक गृहस्थ म्हणाले, हाकला ना सगळ्या मेंढपाळांना. वाटाड्यानं मान डोलावली नाही, हे मला फार आवडलं. तो म्हणाला, मेंढपाळ रँच विकून गेला की तिथे बंगल्यांचे प्लॉट पडतात, ते रानमेंढीला काही बरे नाहीत. अमेरिकेत 1942 मध्ये 5 कोटी 60 लाख मेंढरं होती, आता 50 लाखांच्या आसपास उरलीत. धंदा तसाही आटलाच आहे. रानमेंढ्या मात्र कॅनडा-मेक्सिको धरून सुमारे 80,000. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि परवाना विकत घेण्याच्या बाजूची झाले. नुकसानभरपाई मिळाली तर माणूस डोंगर बदलू शकतो. रानमेंढीला तो पर्याय नाही. पण भरपाई रोख हवी, नुसता आदेश नको. आदेशावर वाडे उठवणं आम्ही आपल्याकडे पुष्कळ पाहिलंय.

आता कामाच्या गोष्टी. कपडे दुप्पट घ्या, हातमोजे तिप्पट. दुर्बिणीचं चाक बोटांनीच फिरवावं लागतं. रस्त्यावर शौचालयाची आशा धरू नका, गावातूनच आटपून निघा. मेंढ्या अगदी जवळ येतीलच असं नाही, कधी कधी डोंगरावर ठिपकेच दिसतात, आणि त्यांच्या मागे चालत जायचं नाही. थंडीत पळवलं तर त्यांचा चरबीचा साठा खर्च होतो. सहा वर्षांखालच्या मुलांना सफरीपेक्षा संग्रहालय बरं. शाकाहारी असाल तर डबा न्या. आम्ही एका हॉटेलात ‘व्हेज’ म्हणून सूप मागवलं, तळाशी मांसाचे तुकडे निघाले, आणि विचारल्यावर बाई म्हणाली की ते फक्त चवीला घातलंय. मोटेलचा हीटर रात्री दोनला बंद पडला. गाव छान आहे, पण थेपले आणि जाडी रजई गाडीत असू द्या.

सेंटर आणि सफर, पाचपैकी पाच. आणि उन्हाळ्यात हायकिंगला सामान वाहायला शेळी भाड्यानं घेण्याची टूम इकडे निघाली आहे, ती या डोंगरात तरी करू नका. शेळीच्याही नाकात तेच असतं.