लिथियम बॅटरी: विजेवर खूश, टक्क्यांवर वैतागलो

सोलरला जोडून ५१.२ व्होल्ट, १०० एएचची (म्हणजे साधारण पाच युनिटची) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली, तिनं आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. मला लिहायचंय ते बॅटरी किती उरली हे दाखवणाऱ्या टक्क्यांबद्दल.

संध्याकाळी लाईट गेली की इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर ६४ टक्के. जेवणं आटपेपर्यंत ५८. आपण निवांत. आणि भांडी घासून होतायत तोवर थेट १२, टीं टीं टीं आणि अंधार! सर्व्हिसचा पहिला माणूस म्हणाला, "लोड जास्त असेल." दोन पंखे, फ्रिज आणि टीव्ही, याला लोड म्हणतात होय? दुसरा म्हणाला, "बॅटरी अजून सेट व्हायचीय." नवी सून आहे काय सेट व्हायला?

शेवटी आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडचा एक ओळखीचा वायरमन पोरगा आला. त्यानं कव्हर काढून दाखवलं, बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये डेटा केबलच नव्हती. इन्व्हर्टर नुसतं व्होल्टेज बघून टक्के ठोकत होता. लेड-ॲसिडला ते खपतं, कारण चार्ज उतरेल तसं व्होल्टेजही उतरतं. एलएफपीचा सेल मात्र ३.२ व्होल्टच्या आसपास ठाण मांडून बसतो आणि शेवटाला एकदम कोसळतो. खरा हिशोब बॅटरीतल्या बीएमएसकडे (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटकडे) असतो, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजतो. पण तो इन्व्हर्टरला कळणार कसा, वायरच नाही तर!

केबल दिसायला इंटरनेटच्या वायरीसारखीच, फक्त पिनांचा क्रम वेगळा. कंपनी म्हणते ती 'ऑप्शनल', पैसे वेगळे. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत वीतभर वायर ऑप्शनल? मी नाही दिले. पोरानं मॅन्युअल बघून साध्या केबलचं टोक कापलं, पिनांचा क्रम बदलून नव्यानं क्रिम्प केलं (कनेक्टर दाबून बसवला), सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम केला. तेव्हापासून टक्के शहाण्यासारखे उतरतात. आधी दोन स्टार दिले होते, आता चार करतो.

मेहुणे विचारतात, नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा) असताना बॅटरी कशाला? तर लाईट गेली की साधा ग्रिड-टाय (बॅटरीविना थेट ग्रिडला जोडलेला) इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतो. पडायलाच हवा, नाहीतर खांबावरच्या लाइनमनला शॉक बसेल. आणि नेट मीटर म्हणजे साठवण नव्हे. दुपारी आपण दिलेलं युनिट त्याच क्षणी कुणाच्या तरी घरात जळतं, महावितरण ते डब्यात भरून ठेवत नाही. संध्याकाळी सूर्य मावळला आणि सगळ्यांचे दिवे लागले की ती तूट भरायला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या कोयना धरणाची वीज धावते. त्या प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॅट त्यासाठीच. खरी साठवण म्हणजे वर अडवलेलं ते पाणी.

बिल वाचवायला मात्र बॅटरी घेऊ नका. नेट मीटरमध्ये युनिटला युनिट वळतं होतं, बॅटरीतून फिरवलं तर उलट थोडं वायाच जातं. बसवायची असेल तर वरच्या मजल्यावर. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला हे सांगायला नको, पण फिटिंगवाल्याला सांगावं लागलं.

पाचवा स्टार अडलाय तो इन्व्हर्टरच्या स्वतःच्या भुकेपायी. लोड असो-नसो, रात्रंदिवस ५० वॉट खातो, म्हणजे रोज १.२ युनिट, तेही पाच युनिटच्या बॅटरीवर. मेल केला तर उत्तर आलं, "हे नॉर्मल आहे." नॉर्मल आहे तर ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापा की!