ढेकणांसाठी घेतलेला स्टीमर आणि गादीचं चेनवालं कव्हर, ८ महिने वापरल्यानंतर

स्टीमर घेतला ऑक्टोबर २०२४ मध्ये, आता जून संपत आला. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, आणि तुम्हाला चुकीचं सांगितलं असतं, कारण तिसऱ्या आठवड्यात परत चावे दिसले.

ढेकूण आले आत्याकडून. आत्या लालबागला चाळीत राहते, गणपतीत आम्ही ३ रात्री तिच्याकडेच होतो, खाली अंथरुणं टाकून दहा-बारा माणसं आणि आमची सॅक खाटेखाली. डोंबिवलीला परतल्यावर ती सॅक मी तशीच बेडवर टाकली, दुसऱ्या दिवशी रिकामी केली. तेवढं पुरलं. ढेकूण उडत नाही, उड्या मारत नाही, चालत येतो नाहीतर सामानातून येतो.

मुलाच्या हातावर ओळीने गांधी उठायला लागल्या. नवऱ्याला मात्र काहीच नाही, म्हणून आम्ही डास समजलो, मग ॲलर्जी समजलो, मलम लावत बसलो, ३ आठवडे गेले. काही लोकांच्या अंगावर चावा उठतच नाही हे तेव्हा माहीत असतं तर! शेवटी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले, गादीची शिवण उलटून बघितली तर पेनाची शाई सांडल्यासारखे काळे डाग आणि आत तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरी अंडी चिकटलेली. त्या रात्री मी झोपले नाही.

आई म्हणाली उकळतं पाणी ओत, रॉकेल लाव. तिच्या वेळी लोखंडी खाटा होत्या, उन्हात काढून झोडपता यायच्या. आमचा प्लायवूडचा बॉक्स बेड, त्याच्या स्क्रूच्या भोकातसुद्धा ढेकूण निघाले.

पहिला पेस्ट कंट्रोलवाला एकदा फवारून, एक वर्षाची गॅरंटी लिहून देऊन गेला, नंतर फोन उचलला नाही. फवारणीने बहुतेक अंडी मरत नाहीत, ती ६ ते १० दिवसांत फुटतात, आणि नेहमीच्या औषधांना बरेच ढेकूण आता दादही देत नाहीत. त्यामुळे एकाच फेरीत काम संपवतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. दुसरा माणूस १२ दिवसांच्या अंतराने दोनदा आला, त्याचा उपयोग झाला.

आता स्टीमर. ४२०० ला पडला, टाकी छोटी, १५ मिनिटांत पाणी संपतं मग गार होईपर्यंत थांबा, याचा वैताग अजून आहे. पण वाफेने अंडीही मरतात, म्हणून मला तो हवाच होता. सुरुवातीला टोकदार नोझल लावलं तर वाफेच्या जोराने पिल्लं उडून दुसरीकडे पडत होती. मग रुंद ब्रश लावून त्यावर जुना पंचा गुंडाळला आणि अगदी हळू, एका फुटाला अर्धा मिनिट. शिवणी, फटी, बेडची मागची बाजू, सगळं. स्विचबोर्डजवळ अजिबात नेऊ नका. बेडचं लॅमिनेट एका ठिकाणी फुगलं, ते फुगलंच.

कपड्यांना गरम पाण्याचं मशीन. ४८ अंशाला मोठा ढेकूण २० मिनिटांत मरतो पण अंड्यांना दीड तास लागतो, त्यामुळे थंडीतल्या उन्हात पिशवी ठेवून मला भरवसा वाटला नाही.

वाफ गादीच्या आत पोचत नाही, म्हणून कव्हर. पहिलं स्वस्तातलं घेतलं, त्याच्या चेनच्या टोकाला फट होती, पैसे वाया. दुसरं १८०० चं, ते चांगलं आहे. आत अडकलेले उपाशीपोटी कित्येक महिने जगतात, म्हणून वर्षभर उघडायचं नाही असं ठरवलंय. मे महिन्यात मात्र फार गरम व्हायचं, रात्री कुस बदलली की आवाज, शेवटी वर सुती गोधडी घातली.

मुलाच्या लोखंडी कॉटच्या पायांखाली गुळगुळीत प्लॅस्टिकचे वाडगे ठेवून आत टाल्कम पावडर लावली, त्यात पडलेला ढेकूण वर चढू शकत नाही. रोज सकाळी बघायचे. शेवटचा २२ जानेवारीला मिळाला, त्यानंतर एकही नाही.

आणि हात जोडून सांगते, धान्यात घालायच्या त्या गोळ्या खोलीत ठेवू नका. शेजारच्या काकूंनी मला सुचवल्या होत्या. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, त्यातून निघणाऱ्या वायूवर उतारा नाही आणि तो फटीतून शेजारच्या घरातही जातो, झोपेत माणसं गेलीयेत.

आत्याला सांगायला मी महिना लावला, तिला वाईट वाटेल म्हणून, तीच मोठी चूक. फोन केला तर रडायलाच लागली, "अगं, आम्हाला चावलेलं कळतच नव्हतं." मग दोन रविवार स्टीमर घेऊन तिच्याकडे गेले. चाळीत भिंतीला भिंत, त्यामुळे शेजारच्या दोन्ही खोल्यांतही फवारणी करायला तिनेच सगळ्यांना तयार केलं, नाहीतर काही उपयोग नव्हता.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, गणपती २७ ऑगस्टला आहेत, आम्ही जाणारच आहोत. सॅक मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून खुंटीला टांगायची असं आत्याशी बोलून झालंय, परत आल्यावर ती बाल्कनीतच उघडणार.